काळा टाय कुणी घालायचा

स्ट्रुअन रॅट्रे मंगळवारी गेला आणि गुरुवारच्या पेपरात त्याच्या अंत्यविधीची सूचना छापून आली. सूचना चार ओळींची. शनिवारी बारा वाजता एलिथच्या चर्चमध्ये प्रार्थना, मग टेकडीवर दफन, मग गावच्या हॉलमध्ये सगळ्यांना जेवण. चौथी ओळ अशी होती: 'स्ट्रुअनच्या इच्छेनुसार काळा टाय फक्त दोरी धरणाऱ्यांनी घालावा. बाकीच्यांनी कृपया रंगीत.'

इनिस रॅट्रेनं ती ओळ स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली. मग पेपर टेबलावर टाकून बायकोला म्हणाला, "घे. मेला तरी खोड गेली नाही त्याची."

इनिस हा स्ट्रुअनचा सख्खा धाकटा भाऊ. वय सदुसष्ट, पोस्टात पस्तीस वर्षं काढून निवृत्त झालेला, बोलायला तिखट आणि रागाला पक्का. दोघा भावांची घरं एकाच गावात, मध्ये फक्त एक ओढा आणि त्यावर पूल. तो पूल ओलांडून इनिस अकरा वर्षांत स्ट्रुअनकडे गेला नव्हता. भाऊ आजारी आहे हे त्याला कळलं ते खाटकाच्या दुकानात, रांगेत उभं असताना, तेही दुसऱ्याच कुणाच्या बोलण्यातून.

दोरीचं म्हणाल तर ती काही साधी गोष्ट नव्हे. एलिथमध्ये पेटी खड्ड्यात उतरवतात ती आठ दोऱ्यांनी. एक नंबरची दोरी डोक्याकडे, दोन नंबरची पायाकडे, उरलेल्या सहा दोन्ही अंगांना. कुठली दोरी कुणाच्या हाती, हे मरणारा स्वतः सांगून जातो, नाहीतर घरचे ठरवतात. ज्याला दोरी मिळते त्याच्या घरी आधी कार्ड येतं. त्यावर पेटीचं चित्र, आठ आकडे आणि आपल्या आकड्याभोवती शाईचा गोल. लोक ती कार्डं कपाटात जपून ठेवतात. आपल्याला सहावी आली आणि मेव्हण्याला तिसरी, एवढ्यावरून इथे माणसांनी वीस वीस वर्षं एकमेकांकडे पाठ फिरवली आहे.

इनिसला कार्ड आलं नव्हतं. गुरुवारी आलं नाही, शुक्रवारीही आलं नाही. स्वतः पोस्टात जन्म काढल्यामुळे टपाल कधी येतं हे त्याला कुणी सांगायला नको होतं, तरी तो दाराशी तीनदा जाऊन आला.

किल्ट, म्हणजे पुरुषांचा चौकटींचा गुडघ्यापर्यंतचा घागरा, घालायचा हे ठरलेलंच होतं. रॅट्रे घराण्यात माणूस जन्मला, लग्नाला उभा राहिला किंवा मेला की किल्ट निघतो. प्रश्न टायचा होता, आणि तो वाटतो तेवढा छोटा नव्हता. काळा घालून जावं आणि नाव पुकारलं नाही, तर आमंत्रण नसताना पहिल्या पंगतीत पाट मांडून बसल्यासारखं. सगळं गाव बघणार. रंगीत घालून जावं, तर आपणच आपल्या तोंडानं सांगितल्यासारखं, की मी इथे चारचौघांतला एक, मेला तो माझा कुणी नव्हे. इकडे आड, तिकडे विहीर. आणि सख्ख्या भावानं शेवटी आपल्याला भाऊ मानलं की नाही, हे त्या सूचनेत कुठेच लिहिलेलं नव्हतं.

भांडणाचं कारण सांगितलं तर परका माणूस हसेल. स्ट्रुअन गावच्या पाइप बँडचा, म्हणजे पिशवीत हवा भरून वाजवायच्या पाइपांच्या ताफ्याचा, म्होरक्या होता आणि इनिस दुसऱ्या रांगेत वाजवायचा. अकरा वर्षांपूर्वी जवळच्या पर्थच्या स्पर्धेत शेवटचं कडवं संपलं, स्ट्रुअननं इशारा केला, तेरा जणांचे पाइप एका क्षणात गप्प झाले. इनिसचा मात्र दोन सेकंद रेकत राहिला. दोन सेकंद! बँड शेवटचा आला. स्ट्रुअन तिथेच मैदानावर सगळ्यांदेखत ओरडला, "उतरव तो किल्ट! आपल्या बापानं घेतलेलं कापड आहे ते, घालायची लायकी नाही तुझी!"

दुसरा कुणी असता तर मान खाली घालून गेला असता. इनिसनं तिथल्या तिथे पट्टे सोडले, किल्ट भावाच्या पायाशी टाकला आणि नुसत्या शर्टावर, दोनतीनशे माणसांमधून, बसपर्यंत चालत गेला. शर्टाखाली काय होतं आणि काय नव्हतं, यावर गावात अजून दोन मतं आहेत. पुढच्या आठवड्यात स्ट्रुअनच्या बायकोनं, एल्सपेथनं, किल्ट धुऊन इस्त्री करून परत आणून दिला. स्ट्रुअन आला नाही. इनिस गेला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही जळला नव्हता.

शुक्रवारी सकाळी शीनानं, म्हणजे इनिसच्या बायकोनं, कपाटातून तो किल्ट काढून पलंगावर पसरला. निळ्या-हिरव्या चौकटी, मध्ये लाल धागा. कसर लागली नव्हती. पट्टे मात्र शेवटच्या भोकावर कसेबसे बसले. शर्टांची तर दाणादाणच होती. एकाची कॉलर पिवळी पडलेली. दुसऱ्याचं वरचं बटण लागेना. तिसरा मुलीनं भेट दिलेला, छातीवर नाड्या बांधायचा, ज्यावर टाय घालताच येत नाही.

"हाच घाल मग," शीना म्हणाली. "टायची कटकटच मिटली."

"भावाच्या मौतीला नाड्यांचा शर्ट? मी काय जत्रेतल्या खेळांत लाकडाचे ओंडके फेकायला चाललोय?"

"बघ, भाऊ म्हणालास," शीना म्हणाली आणि इस्त्री तापवायला गेली.

इनिस बर्टी लँडल्सच्या दुकानात गेला. एलिथमध्ये किल्ट, कोट, मोजे सगळं बर्टीकडेच मिळतं, आणि बातम्याही. बर्टीनं काही न विचारता त्याच्या गळ्याभोवती टेप फिरवली.

"साडेसोळा."

"पंधरा होता माझा."

"गळा वाढतो, इनिस. गिळलेलं कुठेतरी साठतंच." बर्टीनं दोन शर्ट काढून काउंटरवर ठेवले. एक शुभ्र, एक सायीच्या रंगाचा. "काळा टाय असेल तर हा पांढरा. सायीवर काळा मळकट दिसतो. रंगीत असेल तर साय, तुझ्या किल्टवर झकास खुलेल. तर मग, कितवी दोरी तुझी?"

इनिसनं खाली मान घालून शर्टाचं कापड बोटांत चोळून पाहिलं. "बघू," तो म्हणाला.

बर्टी मनानं वाईट नव्हता, पण जीभ त्याच्या ताब्यात नसे. "फिनलेनं काल काळा नेला. बापाची एक नंबरची त्यालाच, हे उघड आहे. त्याच्या मेव्हण्यानं नेला. बँडमधल्या चौघांनी नेले. झाले सहा. एल्सपेथचा भाऊ ॲबरडीनहून घालूनच येतोय. सात."

"आणि आठवा?"

"तेच तर! आठवा कोण ते मला माहीत नाही. आणि मला माहीत नाही असं एलिथमध्ये फारसं काही नसतं."

इनिसला एकदम आशा वाटली. त्याला ते आवडलं नाही. आशा ही त्याच्या मते तरुण माणसांनी करायची गोष्ट होती.

"पांढरा दे," तो म्हणाला. "पांढऱ्यावर दोन्ही जातं."

"हुशार आहेस," बर्टी म्हणाला. "आणि टाय? काळा असेलच घरी. हा हिरवा बघ. साधा आहे, चौकटी नाहीत. किल्टला आहेत तेवढ्या पुरे, टायला चौकटी घातल्या की माणूस पर्यटक वाटतो."

इनिसनं हिरवाही घेतला. दुकानातून बाहेर पडताना त्याला स्वतःचाच राग आला. पांढरा शर्ट घेऊन आपण काहीच ठरवलं नाही, नुसतं पुढे ढकललं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

शनिवारी सकाळी तो आंघोळ करून आला तेव्हा शीनानं सगळं पलंगावर मांडून ठेवलं होतं. किल्ट, पांढरा शर्ट, गर्द राखाडी जाकीट, कमरेला पुढे बांधायची चामडी थैली, लोकरी मोजे आणि काळा टाय. हिरवा कुठेच दिसत नव्हता.

"हिरवा कुठंय?"

"कशाला हवाय? तुझा भाऊ मेलाय. भाऊ मेला की काळा घालतात. मी काही फार शिकलेली नाही, पण एवढं तरी कळतं."

"शिकलेली नाहीस कशी? शाळेच्या स्वयंपाकघरात तू तीस वर्षं होतीस."

"विषय बदलू नको. घाल."

"अगं, पेपरात स्पष्ट लिहिलंय, फक्त दोरीवाल्यांनी. मला कार्ड आलंय का? मी घालून गेलो आणि अंत्यविधीवाल्या पेटरीनं आठ नावं वाचली, त्यात मी नाही, तर मी काय करू? टाय खिशात घालून शिट्टी वाजवू?"

"उभा राहा. बस. भाऊ म्हणून उभा राहा. फजिती झाली तर झाली, त्यानं काय माणूस मरतो?"

इनिसनं काळा टाय बांधला. आरशात पाहिलं. आरशात त्याला बापासारखा दिसणारा एक म्हातारा दिसला. त्याला क्षणभर बरं वाटलं. तरीपण शीना कोट घालायला गेल्यावर त्यानं तिच्या टोप्यांच्या मागून हिरवा टाय शोधून काढला आणि जाकिटाच्या खिशात कोंबला. असू दे, म्हणाला.

चर्चच्या आवारात त्यांनी गाडी अगदी कडेला, भिंतीला लावून उभी केली. अजून पाऊण तास होता. रंगीबेरंगी टाय घातलेली माणसं गटागटानं उभी होती. पिवळे, जांभळे, एकाच्या टायवर तर मासे. इतक्या रंगांत काळे चटकन दिसत. अंत्यविधीवाले पेटरी हातात यादी घेऊन आवारभर फिरले आणि काळ्या टायवाल्यांना एकेक करून दाराजवळच्या झाडाखाली घेऊन गेले. फिनले, त्याचा मेव्हणा, बँडमधले चौघे, एल्सपेथचा भाऊ. पेटरींनी बोटानं मोजले. सात झाले. त्यांना काहीतरी सांगितलं, यादीची घडी केली आणि खिशात ठेवली.

इनिस काचेतून बघत होता. पेटरींनी आजूबाजूला पाहिलं नाही. आठव्याची वाट पाहतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

"आठवा नाहीये," इनिस म्हणाला.

"कशावरून?"

"यादी मिटली बघ. सातांवरच भागवणार, नाहीतर आठवी दोरी स्वतः पेटरी धरेल. तसंही करतात." बोलता बोलता त्यानं गळ्यातली गाठ सोडली. गाडीच्या छोट्या आरशात बघून त्यानं हिरवा बांधला, एकदा लांब झाला, पुन्हा सोडून बांधला.

शीनानं त्याची गाठ बसेपर्यंत पाहिलं. मग म्हणाली, "भित्रा आहेस, इनिस. त्या मैदानावर उघड्या पायांनी चालत गेलास तेव्हा वाटलं होतं, नवरा वेडा असेल पण भित्रा नाही." आणि गाडीचं दार उघडून उतरली.

चर्चमध्ये ते मागच्या बाकावर बसले. एल्सपेथ आत येताना थबकली आणि तिची नजर सगळ्या बाकांवरून फिरत इनिसवर आली. तिनं त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग गळ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पडला. इनिसला वाटलं, मी आलो हेच तिला आवडलं नाही. वाटणारच. आजारपणात फिरकलो नाही, आता आलोय मिरवायला.

टेकडीवर वारा होता. किल्ट धरून धरून बायकांपेक्षा पुरुषांचीच तारांबळ उडाली. पाद्र्यांचं बोलणं अर्धंअधिक वाऱ्यावर गेलं. पेटी खड्ड्यावर, आडव्या फळ्यांवर ठेवली होती आणि आठ काळ्या दोऱ्या गोंड्यांसकट तिच्यावर नीट मांडलेल्या. पेटरींनी खिशातून यादी काढली.

"एक. फिनले रॅट्रे."

फिनले डोक्याशी जाऊन उभा राहिला.

"दोन," पेटरी म्हणाले आणि थांबले. यादीकडे न बघता त्यांनी एल्सपेथकडे पाहिलं. एल्सपेथ इनिसकडे बघत होती. तिची नजर ज्या दिशेनं गेली तिकडे हळूहळू सगळ्यांचीच गेली, आणि हिरवा टाय एवढा हिरवा असू शकतो हे इनिसला पहिल्यांदाच कळलं. मग एल्सपेथनं मान हलवली, अगदी थोडी.

"दोन. इनिस रॅट्रे."

इनिसला ऐकू आलं, पण तो जागचा हलला नाही. शीनानं त्याच्या पाठीत दोन बोटं रुतवली. तो चालत गेला आणि भावाच्या पायाशी उभा राहिला. गोंडा हातात घेतला. बाकीची सहा नावं पुकारली गेली. पेटरींची माणसं आली, त्यांनी फळ्या काढल्या आणि सगळं ओझं दोऱ्यांवर आलं. सात काळे टाय वाऱ्यावर फडफडत होते आणि आठवा हिरवा. स्ट्रुअन शरीरानं दांडगा होता, आजारानंही तो फारसा हलका झालेला दिसला नाही. इनिसनं हातभर हातभर दोरी सोडली. पेटी तळाला टेकली तेव्हा सगळ्यांनी गोंडे आत टाकले, त्यानंही टाकला.

हॉलमध्ये मटण भरलेली पेस्ट्री, बटाट्याचा लगदा आणि व्हिस्की होती. माणसं पोटभर जेवत होती आणि स्ट्रुअनचे किस्से सांगून हसत होती. इनिस एका कोपऱ्यातल्या टेबलाशी शीनाबरोबर बसला होता. त्याच्याजवळ कुणी आलं नाही. नाव पुकारलेलं सगळ्यांनी ऐकलं होतं आणि टायही सगळ्यांनी पाहिला होता. कशाबद्दल बोलावं ते कुणाला सुचत नव्हतं.

एल्सपेथ आली ती सरळ त्यांच्याच टेबलाशी. खुर्ची ओढून बसली आणि इनिसशी न बोलता शीनाला म्हणाली, "तो हिरवा टाय तू काढून दिलास ना याला? खरं सांग."

शीनानं एक क्षणही घालवला नाही. "हो. मीच दिला. काळ्यावर डाग पडला होता."

"मला वाटलंच!" एल्सपेथनं एवढा मोठा सुस्कारा टाकला की शेजारच्या टेबलावरच्यांनी वळून पाहिलं. "म्हटलं याचे कपडे काय हा स्वतः काढतो? नक्की शीनाचं काम. तेवढ्यावरच मी पेटरींना मान हलवली. नाहीतर हलवणार नव्हते."

"म्हणजे?" इनिस म्हणाला.

"म्हणजे काय? पेपरातली ती ओळ स्ट्रुअननं स्वतः सांगितली, शेवटच्या आठवड्यात. मी म्हटलं, लोक हसतील, हे कसलं टायचं खूळ? तर म्हणाला, लोकांसाठी नाहीच ती. एकट्या इनिससाठी आहे. मी म्हटलं, सरळ कार्ड पाठवू. नको म्हणाला. कार्ड पाठवलं की तो येईल, पण कार्डाला मान देऊन येईल. कुणी न बोलावता काळा घालून आला, तर समजायचं त्यानं मला माफ केलं. मग दोन नंबर त्याचा, पेटरींनी तिथे थांबून फक्त माझ्याकडे बघायचं. आणि रंगीत घालून आला तर त्याचं नाव घेऊ नका. उगाच माणसाची सगळ्यांसमोर फजिती नको, एकदा मी केलीय तेवढी पुरे." एल्सपेथनं रुमालानं नाक पुसलं. "चर्चमध्ये तुझा गळा पाहिला. वाटलं, नाही केलं माफ. मग टेकडीवर जाताना सुचलं, अगं, टाय बायको काढून देते."

शीना इनिसकडे बघत होती. तिची नजर स्पष्ट सांगत होती, गप्प बस. गप्प बसला असता तर खपून गेलं असतं. एल्सपेथला समाधान मिळालं असतं, गावालाही डागाची गोष्ट संध्याकाळपर्यंत कळली असती, आणि इनिस रॅट्रे भावाच्या पायाशी हक्कानं उभा राहिलेला माणूस ठरला असता.

"डाग नव्हता," इनिस म्हणाला.

"इनिस," शीना म्हणाली.

"नव्हता डाग. हिनं काळाच काढून दिला होता. मी घालूनच आलो होतो. इथे आवारात येईपर्यंत गळ्यात होता माझ्या. पेटरीनं यादी मिटली तशी मी गाडीत बसून बदलला. माफ केलं नाही म्हणून नव्हे. ते कधीच केलं होतं. घाबरलो मी, एल्सपेथ. मला वाटलं, त्यानं मला यादीत घेतलं नसेल."

एल्सपेथनं हातातला रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. हॉलच्या दुसऱ्या टोकाला बँडमधलं कुणीतरी मोठ्यानं हसलं.

"मग त्याच्या सांगण्याप्रमाणे तुला बोलवायला नको होतं," ती म्हणाली.

"नको होतं."

"त्याचं शेवटचं सांगणं मी मोडलं."

"मोडलंस."

"आणि तू धरलीस दोरी."

"धरली," इनिस म्हणाला. "बरं केलंस बोलावलंस ते." आणि तो तिथेच, भरल्या ताटापुढे, सगळ्या गावासमोर हमसून हमसून रडायला लागला. शीनानं त्याचं ताट उचलून बाजूला ठेवलं. एल्सपेथनं आपली खुर्ची त्याच्या जवळ सरकवली आणि तो थांबेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.